ग्रोथ रूममधल्या दिव्यांचा उजेड किती उतरला? प्रकल्प नोंदी, एप्रिल ते डिसेंबर २०२४

३ एप्रिल

आमच्या केळीच्या टिश्यू कल्चर लॅबच्या ग्रोथ रूममध्ये, म्हणजे बाटल्यांतली रोपं दिव्यांखाली वाढवतो त्या खोलीत, वरच्या कप्प्यांवरची रोपं लांबुळकी येत आहेत. मुळं फुटण्याच्या टप्प्यातल्या, म्हणजे रूटिंगच्या बाटल्यांत हे जास्त जाणवतं. खोड बारीक, पान फिकट, आणि हार्डनिंगच्या, म्हणजे बाहेरच्या हवेला सरावण्याच्या, ट्रेमध्ये लावल्यावर पहिल्याच आठवड्यात माना टाकणारी रोपं जास्त. ट्रान्सफर रूममधल्या ताई गेल्या हंगामापासून सांगतायत, "दादा, वरच्या कप्प्याचा माल खालच्यासारखा नाही." केळीची जात तीच जी-९, माध्यम तेच, सबकल्चरची (ताज्या माध्यमात हलवण्याची) पाळी तीच, बाटलीही तीच. बदलतो तो फक्त कप्पा.

खोलीत सगळीकडे एलईडी बॅटन, म्हणजे लांब पट्टीचे दिवे, आहेत. जुलै २०२० मध्ये जुन्या ट्यूबलाइट काढून ते बसवले. २० वॅटचे, पांढऱ्या उजेडाचे, प्रत्येक कप्प्यावर दोन. रोज १६ तास चालू, ८ तास बंद. वर्षाचे ५,८४० तास होतात. म्हणजे आजवर जवळपास २२ हजार तास झाले. खोक्यावर छापलंय ५०,००० तास. सगळे पेटतात, एखाद-दुसराच बंद पडलाय, त्यामुळे दिव्यांकडे कोणी संशयाने पाहिलेलं नाही. सरांशी बोललो. उजेड मोजायचा, तोही नीट मोजायचा, असं ठरलं. ही वही त्यासाठीच.

८ एप्रिल

लॅबमध्ये लक्समीटर आहे, पण या कामासाठी तो एकटा पुरत नाही. लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बांधलेलं. डोळा हिरव्या-पिवळ्या उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतो, निळ्या-लालला कमी. पानाचं तसं नसतं. ४०० ते ७०० नॅनोमीटर पट्ट्यात दर सेकंदाला किती प्रकाशकण पानावर पडतात, हा त्याच्यासाठी कामाचा आकडा. तो 'मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद' असा मोजतात. पुढे नुसतं 'मायक्रोमोल' लिहितो. त्यासाठी क्वांटम मीटर लागतो. एका कृषी महाविद्यालयातून वापरायला मिळाला.

मोजायची रीत अशी ठरवली. कप्पा पूर्ण रिकामा. एका कप्प्यावर तीन बाय तीन, असे नऊ बिंदू. सेन्सर बाटलीच्या खांद्याच्या उंचीला, कारण पानं तिथे असतात. दिवे लावल्यावर तासभर थांबायचं. एलईडी गार असताना जास्त उजेड देतो, तापला की थोडा उतरतो. लावल्या लावल्या मोजलं तर आकडा फुगीर येतो. एसी २५ अंशांवर.

आता अडचण अशी की २०२० मध्ये हे दिवे नवे असताना किती उजेड देत होते, याची नोंदच नाही. पण स्टोअरमध्ये त्याच खरेदीतले, त्याच खोक्यातले चार बॅटन प्लास्टिकसकट पडून आहेत. कधी पेटलेलेच नाहीत. तुलनेला यापेक्षा चांगलं काही मिळणार नाही. कोणी घाईघाईने ते वापरून टाकले नाहीत, हे मोठं काम झालं. त्यांना काही दिवस चालवून मग मोजणार, कारण सुरुवातीच्या तासांत एलईडीचा उजेड थोडा वरखाली होतो, काही वेळा वाढतोसुद्धा.

१६ एप्रिल

नव्या बॅटनखाली कप्प्याची सरासरी ६० मायक्रोमोल.

जुने, आहेत तसे: सगळ्यात खालच्या कप्प्यांवर ५२ च्या आसपास, मधल्यांवर ४७ ते ५०, सगळ्यात वरच्या कप्प्यांवर ४१.

मग ओल्या फडक्याने दुधी आवरणं पुसून घेतली आणि पुन्हा मोजलं. खालचे ५४, वरचे ४३. धुळीचा वाटा एवढाच. ग्रोथ रूम बाहेरच्या खोल्यांपेक्षा स्वच्छ असते म्हणून तो कमी निघाला. पॉलिहाऊसमध्ये बराच जास्त निघेल.

म्हणजे पुसून झाल्यावर खालच्या कप्प्यांवर मूळच्या ९० टक्के उजेड शिल्लक आहे, आणि वरच्या कप्प्यांवर ७२ टक्के. एकाच खोक्यातले दिवे, एकाच दिवशी बसवलेले, एकाच टायमरवर चाललेले.

हे उघड्या डोळ्यांना अजिबात दिसत नाही. दोन्ही कप्प्यांसमोर उभा राहून बराच वेळ बघितलं. बाहुली उजेडाप्रमाणे लहानमोठी होते आणि मेंदू जमवून घेतो. चार वर्षांत हळूहळू उतरलेला उजेड तर कोणालाच कळणार नाही. ताईंना कळला तो रोपांवरून.

१९ एप्रिल

खोक्यावरच्या ५०,००० तासांचं गणित आज नीट मांडलं, कारण लॅबमध्ये सगळे याचा अर्थ "तेवढे तास दिवा चालतो" असा घेतात.

एलईडीच्या आयुष्याचा छापील आकडा बहुतेक वेळा 'एल-७०' असतो, म्हणजे उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर यायला लागणारा काळ. हा ७० चा आकडा घरा-कार्यालयातल्या उजेडासाठी ठरला, कारण हळूहळू होणारी ३० टक्क्यांपर्यंतची घट माणसाच्या लक्षात येत नाही. वाचणाऱ्या माणसासाठी ते ठीक आहे. पण आपल्या खोलीत खिडकी नाही. रोपाला जो काही उजेड मिळतो तो याच दिव्याचा. त्यातला तीस टक्के गेला तर रोपाच्या ताटातलाच गेला. शेतीच्या दिव्यांसाठी म्हणूनच 'क्यू-९०' हे माप वापरतात: प्रकाशकणांची संख्या ९० टक्क्यांवर यायला लागणारे तास. अमेरिकेतल्या डिझाइनलाइट्स कन्सॉर्टियमच्या यादीत शेतीचा दिवा यायचा असेल तर क्यू-९० किमान ३६,००० तास लागतो. आपल्या १६ तासांच्या हिशोबाने ते सहा वर्षांहून थोडे जास्त.

एल-७० आणि क्यू-९० यांत किती अंतर असतं ते पाहिलं. उजेड घटण्याचं जे सूत्र वापरतात ते घातांकी आहे: दर हजार तासांना शिल्लक उजेडाचा ठरावीक हिस्सा जातो. ७० टक्क्यांवर यायला ५०,००० तास लागत असतील, तर त्याच वेगाने ९० टक्क्यांवर तो साधारण १४,८०० तासांतच येतो. आपल्या खोलीत अडीच वर्षं! खोक्यावरचा आकडा शंभर टक्के खरा धरला तरी रोपाच्या दृष्टीने दिवा अडीच वर्षांत उतरणीला लागलेला असतो.

आता हेच सूत्र आपल्या मोजमापांना लावलं. खालच्या कप्प्यांवरचे बॅटन ज्या वेगाने उतरलेत त्या वेगाने त्यांचा एल-७० येतो ७४ हजार तासांच्या पुढे. वरच्या कप्प्यांवरच्यांचा येतो साडेतेवीस हजार, म्हणजे ते जवळपास तिथे पोचलेच. छापील ५० हजार यांपैकी कोणाच्याच वाट्याला आलेला नाही. दिव्याचं आयुष्य दिव्याइतकंच त्याच्या जागेवर ठरतं, आणि हा आकडा आता आपल्या हातात आहे.

२६ एप्रिल

जागेत फरक काय? तापमान. तसा अंदाज होता, आज थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, लावून बघितलं. बॅटनच्या ॲल्युमिनियमच्या पाठीवर तासाभराने: सगळ्यात खालचा कप्पा ४८ अंश, सगळ्यात वरचा ६३ अंश.

खोलीचं तापमान भिंतीवरच्या मीटरवर २५ दिसतं, पण तो मीटर छातीच्या उंचीला आहे. रॅकच्या वरच्या टोकाला, छतापासून हातभर खाली, हवा ३१ अंश. एसीचा झोत मधल्या बोळात पडतो, वर पोचत नाही. त्यात बॅटन कप्प्याच्या तळाला थेट स्क्रूने आवळलेला आहे. पाठीमागून हवा खेळायला फटच नाही.

आणखी एक. ट्यूबलाइटच्या काळात जुन्या माणसांनी सगळे चोक खोलीच्या बाहेर, पॅसेजमध्ये लाकडी फळीवर बसवले होते. चोकची उष्णता आत नको म्हणून. एलईडी आले तेव्हा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला ठरावीक करंट देणारं सर्किट, बॅटनच्या पोटातच आला, आणि बाहेर ठेवलेली उष्णता पुन्हा आत आली. त्या फळ्या अजून पॅसेजमध्ये आहेत. पुढच्या खरेदीत ड्रायव्हर वेगळा मिळणारे दिवे घेता आले तर त्या पुन्हा कामाला येतील.

चिपच्या आत उष्णतेने काय होतं, ते थोडक्यात लिहून ठेवतो. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा एलईडी, त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर, वर पारदर्शक सिलिकॉन. खाली चांदीचा मुलामा, उजेड वर परतवायला. उष्णता आणि स्वतःचाच निळा उजेड यांनी वर्षानुवर्षं आवरणं पिवळट होतात, भोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होतं, चांदी काळवंडते. उजेड तयार होतो, पण आतच अडकतो, आणि अडकलेल्या उजेडाची पुन्हा उष्णताच होते.

१४ मे

रावेर-यावल पट्ट्यातला मे. बाहेर ४५ च्या घरात. दुपारी वीज गेली, जनरेटरवर आलो, आणि जनरेटरवर एसी अर्धेच चालतात. दिवे मात्र सगळे चालू. तासाभरात वरच्या कप्प्यावरच्या बॅटनची पाठ ७० च्या पुढे गेली. बाटल्यांच्या झाकणांना आतून पाणी धरलं.

दोन गोष्टी आजच ठरवल्या. पहिली: खोलीचा 'दिवस' रात्रीकडे सरकवायचा. खिडकी नसल्यामुळे रोपाला सूर्य कधी उगवला याच्याशी देणंघेणं नाही. अंधाराचे आठ तास सकाळी ११ ते संध्याकाळी ७ करायचे, म्हणजे बाहेर सगळ्यात जास्त तापतं तेव्हा दिवे बंद असतील. एकदम न करता रोज थोडं थोडं सरकवायचं. दुसरी: टायमरच्या पॅनेलमध्ये थर्मोस्टॅट, सेन्सर वरच्या कप्प्याच्या उंचीला. तिथली हवा ३४ च्या वर गेली की दिवे आपोआप बंद. वायरमनभाऊ म्हणाले, रिले आणि कॉन्टॅक्टर पॅनेलमध्ये आहेतच, अर्ध्या दिवसाचं काम.

२३ मे

बंद पडलेले बॅटन आज टेबलावर घेतले. आवरण सरकवलं, ड्रायव्हर बाहेर काढला.

पहिल्या बॅटनमध्ये दोष बघताच कळला. ड्रायव्हरवरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं डोकं फुगलेलं, फुलीच्या खाचेतून तपकिरी चिकट सुकलेलं काही बाहेर आलेलं. या कपॅसिटरच्या आत द्रव असतो. उष्णतेने तो वर्षानुवर्षं आटत जातो. साधारण हिशोब असा की दर दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं. ड्रायव्हर बदलला, बॅटन लख्ख पेटला. निदान पाहताना तसं वाटलं. मीटरखाली धरला तर उजेड तेवढाच उतरलेला, जेवढा त्याच्या शेजाऱ्यांचा. म्हणून इथे नीट लिहून ठेवतो: ड्रायव्हर मरणं आणि चिपचा उजेड उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छापील ५०,००० तास चिपबद्दल बोलतात, ड्रायव्हरबद्दल नाही. दुरुस्त केलेला दिवा नवा झाला असं समजून रूटिंगच्या कप्प्यावर लावायचा नाही.

दुसऱ्या बॅटनचा ड्रायव्हर ठणठणीत होता. चिपची पट्टी भिंगाखाली घेतली. चिप एकामागोमाग एक जोडलेल्या असतात, एकीचं आतलं जोडणं तुटलं की तिच्या ओळीतल्या सगळ्या विझतात. दोषी चिपच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका आहे. बाकीच्या चिप मरण पावलेल्या नाहीत, पण स्टोअरमधल्या नव्या पट्टीशेजारी ठेवल्यावर रंगाचा फरक लख्ख दिसतो. नव्या चिपचा पिवळा स्वच्छ, लिंबासारखा. जुन्यांची कड तपकिरी, आणि तो तपकिरी पट्टीच्या मध्यावर जास्त गडद, टोकांकडे कमी. पट्टी मध्यावर जास्त तापते, टोकांना उष्णता निघून जायला वाट मिळते. चार वर्षांत कुठे किती तापलं ते चिपच्या रंगावरून वाचता येतं.

ड्रायव्हर मरायच्या आधी सूचना देतो, हेही तपासलं. मोबाइलचा कॅमेरा बॅटनसमोर धरायचा. कपॅसिटर आटला की उजेड सेकंदाला शंभर वेळा लपलपतो. डोळ्याला दिसत नाही, पण कॅमेऱ्यात आडवे काळे पट्टे सरकताना दिसतात. खोलीभर फिरून पट्टे दिसणारे बॅटन खडूने खुणा करून ठेवले. ते बहुतेक वरच्या दोन कप्प्यांवरचे आहेत.

६ जून

लक्समीटर आणि क्वांटम मीटर शेजारी ठेवून गुणोत्तर काढलं, म्हणजे पुढे लक्समीटरवर रोजचं काम चालवता येईल. नव्या बॅटनखाली १ मायक्रोमोलला ७० लक्स. जुन्या, वरच्या कप्प्यावरच्या बॅटनखाली ७३.

हा फरक लहान आहे, पण दिशा महत्त्वाची. आवरण पिवळट झालं की ते निळा उजेड जास्त खातं. लक्समीटर निळ्याला मोजतच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे निळा गेल्याचं त्याला कळत नाही. जुना दिवा लक्समीटरवर खऱ्यापेक्षा बरा दिसतो. आणि रोप बुटकं, दणकट ठेवण्याचं काम निळा उजेडच करतो. लांबुळक्या रोपांमागे उजेडाची एकूण घट मोठं कारण आहेच, पण निळ्याची जास्तीची घट त्यात भर घालत असावी.

लाल-निळ्या चिपचे जे थोडे बॅटन चाचणीसाठी घेतले होते, त्यांना हे गुणोत्तर लावायचं नाही. तिथे लक्सचा आकडा निरर्थक. त्यांच्यासाठी क्वांटम मीटरच. सरांनी स्वतःचा मीटर घ्यायला मंजुरी दिली, ऑर्डर गेली.

२ जुलै

आता करायचं काय? तीन मार्ग पाहिले.

उजेडाचे तास वाढवणं. ६० मायक्रोमोल १६ तास म्हणजे दिवसाला ३.४६ मोल. ४३ वर तेवढा भरायला २२ तासांहून जास्त लागतील. म्हणजे अंधारच राहणार नाही, खोली आणखी तापेल, दिवे आणखी झिजतील. बाद.

दिवे खाली आणणं. बाटलीची उंची आणि हात घालायला लागणारी जागा बघता फार वाव नाही. शिवाय बॅटन जवळ आला की बाटल्यांची झाकणं तापतात. बाद.

अदलाबदल. हे पटलं, आणि मला वाटतं हेच खरं उत्तर आहे. सगळ्या टप्प्यांना सारखा उजेड लागत नाही. मल्टिप्लिकेशनमध्ये कोंब वाढवायचे असतात, तिथे कमी उजेड चालतो. रूटिंगमधलं रोप आठ-पंधरा दिवसांत शेडनेटखाली जाणार असतं, त्याला पानं आणि खोड घट्ट हवं. आजवर रूटिंगच्या बाटल्या वरच्या कप्प्यांवर जात होत्या, कारण त्या लवकर बाहेर निघतात आणि वरून काढायला सोप्या पडतात. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त उजेड हवा त्याला सगळ्यात उतरलेला दिवा.

ठरलं ते असं. प्रत्येक बॅटन मोजून त्याच्या टोकाला आकडा लिहायचा. ५२ च्या वरचे रूटिंगला. ४५ ते ५२ मल्टिप्लिकेशनला. त्याखालचे कल्चर सुरू करण्याच्या टप्प्याला, जिथे मंद उजेडच ठेवतो. रूटिंग खालच्या तीन कप्प्यांवर, मल्टिप्लिकेशन वर.

१० जुलै

अदलाबदल संपली. त्याच वेळी बॅटन आणि कप्पा यांच्यामध्ये १२ मिलिमीटरचे स्पेसर टाकले, म्हणजे पाठीमागून हवा जाईल. प्लंबिंगच्या पाइपचे तुकडे कापून केले. वरच्या कप्प्यावर पाठीचं तापमान ६३ वरून ५६ वर आलं. छताजवळ दोन छोटे पंखे बसवले, हवा ढवळायला. त्यांनी आणखी तीन अंश खाली आणले.

एका रॅकचा वरचा कप्पा मुद्दाम तसाच ठेवलाय, स्पेसर नाही. तुलनेला काहीतरी हवं.

२१ ऑगस्ट

नव्या खरेदीसाठी पुरवठादारांशी बोलणी. एकाशी झालेलं संभाषण नोंदवण्यासारखं आहे.

"साहेब, पाच वर्षांची वॉरंटी आहे. बंद पडला तर लगेच बदलून देतो."

"बंद नाही पडला, पण उजेड पाऊण झाला तर?"

"पेटतोय ना साहेब? मग वॉरंटीत नाही येत."

माणूस खोटं बोलत नव्हता. त्याच्या कागदावर तसंच लिहिलंय. आपणच वेगळं मागायला हवं. म्हणून पुढच्या प्रत्येक कोटेशनसोबत काय मागायचं ते पक्कं केलं.

एक, चिपचा एलएम-८० अहवाल. यात चिप किमान ६,००० तास ठरावीक तापमानांना, जसं ५५ किंवा ८५ अंश, चालवून उजेड मोजलेला असतो. पन्नास हजार तास कोणी चालवून पाहत नाही, एवढं समजलं तरी पुष्कळ. त्या मोजमापावरून पुढचा अंदाज टीएम-२१ या पद्धतीने काढतात, आणि चाचणीच्या तासांच्या सहापटीपलीकडचा दावा करायला ती पद्धत परवानगी देत नाही. ६,००० तासांच्या चाचणीवर कोणी एक लाख तास छापले असतील तर ते या पद्धतीतून आलेले नाहीत.

दोन, अहवालातला करंट आणि आपल्या बॅटनमध्ये चिपला दिलेला करंट. स्वस्त बॅटनमध्ये थोड्या चिप घालून त्या जोरात पळवतात. अहवाल चांगल्या चिपचा असतो, वापर वेगळाच असतो.

तीन, २५ नव्हे तर ३५ अंश भोवतालच्या हवेला चिपचं तापमान किती राहतं. चार, क्यू-९० किती. पाच, ड्रायव्हर वेगळा आणि डिम करता येणारा.

डिमिंगचा मुद्दा सरांना पटवायला वेळ लागला, पण हिशोब सरळ आहे. ७५ मायक्रोमोल देणारा दिवा घ्यायचा आणि सुरुवातीला ८० टक्क्यांवर चालवून ६० घ्यायचे. उतरेल तसं डिमर वर न्यायचा. रोपाला कायम ६० मिळतात, आणि सुरुवातीची वर्षं चिप कमी करंटवर, गार राहून चालते, म्हणून उतरतेही हळू. किंमत जास्त पडते. पण वॅटमीटर लावून पाहिलं तर आपले उतरलेले बॅटनही १९.५ वॅटच्या वर घेतायत. ड्रायव्हर करंट स्थिर ठेवतो, त्यामुळे वीज तेवढीच, उजेड पाऊण. वर्षाला एका बॅटनचे ११७ युनिट जातात. युनिटला ९ रुपये धरले तर हजारावर रुपये, आणि त्यातला पाव भाग आता रोपापर्यंत पोचतच नाही. वर एसीची वीज वेगळी.

१२ सप्टेंबर

नाशिककडच्या एका ओळखीच्या नर्सरीवाल्याने त्याचा एक दिवा पार्सलने पाठवला. "दोन वर्षांत निम्मा झाला, भाऊ, बघून सांगा." त्याच्याकडे पॉलिहाऊस आहे आणि भुरीसाठी रात्री गंधकाची धुरी देतो.

दिवा उघडला. आपल्या चिपसारखा तपकिरीपणा नाही, तर चिपच्या तळाची चांदीच काळी पडलेली, धुरकट आरशासारखी. गंधकाची वाफ सिलिकॉनमधून आत झिरपते, चांदीशी मिळून काळं सिल्व्हर सल्फाइड होतं. सिलिकॉन पाणी आणि धूळ अडवतं, पण वायू अडवत नाही. उजेड परतवणारा थरच काळा झाला की चिप कितीही चांगली असो. त्याला कळवलं: धुरी द्यायची तर दिवे बंद आणि गार असताना द्या, सकाळी दारं उघडून हवा बदलल्याशिवाय दिवे लावू नका, शक्य असेल तर भुरीसाठी दुसरा उपाय बघा. पुढच्या खरेदीत गंधकाला टिकणारी चिप आहे का ते लेखी विचारा. काळी पडलेली चांदी पुसून निघत नाही.

आपल्याकडे धुरी नाही. पण गंधक रबरातही असतं. वायसर आणि गॅस्केटचं काळं रबर तापलं की थोडा थोडा गंधक सोडतं. आपल्या बॅटनच्या टोकांच्या टोप्या तपासल्या, त्या सिलिकॉनच्या आहेत. सुटलो.

२० नोव्हेंबर

नवा क्वांटम मीटर आल्यावर पहिलं पूर्ण मोजमाप. आधी महाविद्यालयाच्या मीटरशी ताडून घेतलं, दोन्हींत दोन टक्क्यांपेक्षा कमी फरक.

स्पेसर नसलेला वरचा कप्पा: जुलैच्या ४३ वरून ४१.५. स्पेसर असलेले वरचे कप्पे, त्यांच्या जुलैच्या आकड्यांवरून: सरासरी एक टक्क्याच्या आसपास उतार. जुलैपासून झाले सुमारे २,१०० तास. गणिताप्रमाणे गरम कप्प्यावर तीन टक्के उतार यायला हवा होता, तो आला. गार केलेल्यांवर त्याच्या निम्मा किंवा कमी, तसाच दिसतोय. पण मीटरची स्वतःची चूकच दोन टक्क्यांपर्यंत असू शकते, म्हणून यावरून आत्ताच छाती ठोकून काही सांगायचं नाही. दिशा बरोबर आहे. आणखी वर्षभर मोजल्यावर बोलू.

रोपांबद्दल मात्र बोलता येतं. रूटिंग खालच्या कप्प्यांवर आल्यापासूनच्या तुकड्यांत खोड जाड आहे, पान रुंद आहे. हार्डनिंगवाले दादा रोपांच्या बाबतीत कधी कौतुक करत नाहीत. ते परवा स्वतःहून म्हणाले की हा माल ट्रेमध्ये उभा राहतोय. पावसाळा संपल्यामुळे शेडनेटखालची हवाही बरी झाली आहे, त्याचाही वाटा धरायला हवा. पण सप्टेंबरच्या दमट हवेतही फरक होता.

१७ डिसेंबर

नवे दिवे आले. ड्रायव्हर वेगळा आहे, एलएम-८० अहवालही जोडलाय, आणि अहवालातला करंट आपल्या वापरापेक्षा जास्त आहे, म्हणजे आपण चिप आरामात चालवणार. ड्रायव्हर पॅसेजमधल्या जुन्या फळ्यांवर बसवायला घेतले. फळ्यांना वाळवी लागली होती, दोन बदलल्या.

प्रत्येक दिवा बसवायच्या आधी मोजला. पाठीवर स्टिकर: बसवल्याची तारीख, पहिला आकडा, जागा. ८५ टक्क्यांवर आला की रूटिंगवरून हलवायचा, ७५ वर आला की खोलीतून बाहेर. दोन दिवे सीलबंद करून स्टोअरच्या कपाटात ठेवले, दारावर कागद चिकटवला: "मोजमापासाठी. वापरू नये." मोजणी दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये. पुसणं दर महिन्याला, दिवे बंद आणि गार असताना.

काढलेल्या बॅटनपैकी चांगले पॅकिंग शेडमध्ये लावले. तिथे माणसांना दिसण्यापुरता उजेड पुरतो, आणि ७० टक्के उरलेला एलईडी त्यासाठी अजून वर्षानुवर्षं चालेल. बाकीचे भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा प्रक्रिया केंद्राकडे पाठवायचे आहेत. त्यांच्याबरोबर स्टोअरच्या माळ्यावर पडलेल्या जुन्या ट्यूबलाइटही. त्यांत पारा आहे, त्या फुटायच्या आत खाली उतरवायला हव्यात.

बाकी कामं: दुसऱ्या ग्रोथ रूमच्या वरच्या कप्प्यांना स्पेसर. थर्मोस्टॅटचा सेन्सर तिथेही वर नेणं. खडूच्या खुणा केलेल्या बॅटनचे ड्रायव्हर उन्हाळ्याआधी बदलणं.